पूर की ‘तो’ पूर? ऊरच्या खड्ड्यातल्या गाळाचं प्रकरण

दक्षिण इराकमध्ये नासिरिया शहराजवळ एक मोठं टेकाड आहे, तिथले लोक त्याला तल्ल अल-मुकय्यर म्हणतात, म्हणजे डांबराचं टेकाड, कारण तिथल्या जुन्या विटा डांबरात बसवलेल्या आहेत. हेच जुनं ऊर शहर. १९२८-२९ च्या सीझनमध्ये या टेकाडात एक मजूर जेमतेम पाच फूट लांब-रुंद खड्ड्यात उभा होता आणि त्यानं वर सांगितलं की साहेब, संपलं, खाली आता नुसती नदीची माती आहे. विहीर खणणाऱ्याला कातळ लागला की कसं हातालाच कळतं, तसंच जुनी वस्ती खणणाऱ्यांचंही असतं. ना खापर, ना राख, ना कोळसा, स्वच्छ माती लागली म्हणजे याच्या खाली माणूस कधी राहिलाच नाही, उचला फावडी.

साहेब म्हणजे ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली. तो खड्ड्यात उतरला, बघितलं, आणि आधी त्यालाही तसंच वाटलं. मग त्यानं लेव्हल काढली आणि हिशोब काही जुळेना, कारण त्याच्या अंदाजाप्रमाणे मूळ जमीन दलदलीच्या पातळीच्या आसपास लागायला हवी होती आणि हा मजूर तर अजून बराच वर उभा होता. वूलीनं सांगितलं, खण अजून. तो बिचारा नाखुशीनंच खणायला लागला, कारण स्वच्छ मातीत काही सापडत नाही आणि सापडलं नाही की बक्षीसही नाही (वूली वस्तू सापडल्या की मजुरांना वरकड पैसे द्यायचा, चोरी टाळायचा हा त्याचा उपाय). साधारण आठ फूट नुसता गाळ गेला आणि मग अचानक परत गारगोटीची हत्यारं आणि रंगवलेल्या खापऱ्या यायला लागल्या.

म्हणजे खाली वस्ती, मध्ये आठ फूट काहीच नाही, आणि वर परत वस्ती.

वूलीनं स्वतःच सांगून ठेवलेला किस्सा असा की त्यानं खड्ड्याच्या भिंती तपासल्या, टिपणं लिहिली, तोवर त्याचं मनाशी ठरलं होतं, पण दुसरं कोणी याच निष्कर्षाला येतं का ते बघावं म्हणून त्यानं दोन सहकाऱ्यांना बोलावलं. दोघांना काही सांगता येईना. मग त्याची बायको कॅथरिन आली, तिला विचारलं, आणि ती जाता जाता बोलून गेली की अर्थात, हा तर पूर आहे. कुठला पूर हे विचारायची गरजच कोणाला पडली नाही. ज्या समाजात ही मंडळी वाढली तिथे एकच पूर होता, बायबलमधल्या नोहाचा, ज्यानं तारू बांधून जगबुडीतून आपलं कुटुंब आणि प्राणी वाचवले.

माझ्या मते हे सगळं प्रकरण याच जागी अडकलंय. मराठीत आपण ‘पूर सापडला’ म्हणतो तेव्हा कुठलाही पूर असू शकतो आणि ‘तो पूर सापडला’ म्हटलं की गोष्टच बदलते. खड्ड्यात सापडला होता पूर, पेपरात छापला गेला ‘तो’ पूर. आजही व्हिडिओ आणि फॉरवर्ड फिरतात, अर्ध्यांचं म्हणणं ऊरमध्ये बायबल सिद्ध झालं आणि उरलेल्या अर्ध्यांचं म्हणणं वूलीनं लोकांना गंडवलं. दोन्ही चूक आहे, आणि चूक नेमकी कुठे झाली ते बघायला हे प्रकरण फार मस्त आहे कारण त्यातलं खोदकाम खरोखर उत्तम होतं.

थोडं मागे जातो. हे टेकाड म्हणजे ऊर, हे मुळात कसं कळलं? १८५४ च्या सुमारास बसऱ्यातला ब्रिटिश व्हाइस कॉन्सल जे. ई. टेलर यानं ब्रिटिश म्युझियमसाठी इथल्या झिगुरातचे, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांच्या मंदिर-मनोऱ्याचे, कोपरे खणले. कोपऱ्यांत मातीचे सिलिंडर निघाले, त्यावर बॅबिलोनचा शेवटचा राजा नबोनिडस यानं लिहून ठेवलं होतं की ऊरचा हा मनोरा मी दुरुस्त केला. मेसोपोटेमियाची जुनी लिपी उलगडणाऱ्या हेन्री रॉलिन्सननं ते वाचलं आणि एकदम सगळ्यांचे कान टवकारले, कारण बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामचं कुटुंब ज्या गावातून निघतं ते गाव म्हणजे ऊर. मराठी बायबलमध्ये ‘खास्द्यांचं ऊर’ म्हणतात ते हेच. तेरह आपला मुलगा अब्राम, सून साराय आणि नातू लोट यांना घेऊन तिथून कनानला जायला निघाला आणि वाटेत हारानला थांबला.

आता खास्दी हा शब्द मध्येच खटकतो. खास्दी लोक अश्शूरी लेखांमध्ये दिसायला लागतात ते इ.स.पू. ९व्या शतकात, आणि अब्राहामचा काळ परंपरेनं त्याच्या कितीतरी आधीचा, म्हणजे हे लेबल नंतरच्या लिहिणाऱ्यानं त्याच्या काळातल्या वाचकाला कळावं म्हणून लावलेलं दिसतं, जसं आपण सहज म्हणतो की शिवाजी महाराज महाराष्ट्रात जन्मले. शिवाय अब्राहामचं ऊर हेच का, यावरही वाद आहे. तुर्कस्तानातलं उर्फा, जे हारानच्या जवळ आहे, तिथले लोक पिढ्यानपिढ्या सांगतात की अब्राहाम आमचा. दक्षिणेतल्या ऊरच्या बाजूनं एक मुद्दा मात्र चांगला आहे, ऊर आणि हारान या दोन्ही गावांचा मुख्य देव एकच, चंद्र. दक्षिण इराकच्या जुन्या सुमेरी भाषेत नन्ना, नंतरच्या अक्कादीत सिन. एका चंद्राच्या गावातून दुसऱ्या चंद्राच्या गावात जाणं पटण्यासारखं आहे, पण पटणं वेगळं आणि पुरावा वेगळा. असो, तो स्वतंत्र विषय आहे.

वूली इथे आला १९२२ मध्ये, ब्रिटिश म्युझियम आणि पेनसिल्वेनिया विद्यापीठाचं म्युझियम यांची जॉइंट मोहीम घेऊन, आणि १९३४ पर्यंत बारा सीझन खणत राहिला. तो पाद्र्याचा मुलगा, तरुणपणी स्वतःही पाद्री व्हायचा विचार केलेला, बायबल तोंडपाठ. पण खोदकामात माणूस शिस्तीचा. पहिल्याच सीझनमध्ये त्याच्या चरात सोन्याचे मणी यायला लागले होते आणि त्यानं तो चर बंद केला, कारण मजूर अजून शिकलेले नव्हते आणि त्यालाही तिथल्या थरांचा अंदाज नव्हता. चार वर्षं थांबला! सोनं खाली आहे हे माहीत असताना चार वर्षं थांबणारा माणूस उतावळा नसतो, हे या प्रकरणात लक्षात ठेवायला हवं.

१९२६ नंतर त्यानं ती जागा उघडली आणि राजकबरी निघाल्या. सगळ्या मिळून अठराशेच्या वर कबरी, त्यातल्या सोळांना त्यानं राजकबरी म्हटलं. पुआबी राणीचा पानाफुलांचा सोन्याचा मुकुट, लाजवर्द हा निळा दगड बसवलेल्या वीणा, एका खड्ड्यात ओळीनं झोपवलेली ७४ माणसं, बहुतेक बायका, दागिने घातलेल्या. झाडाला पुढचे पाय टेकून उभा असलेला सोन्याचा बोकड सापडला तर वूलीनं त्याला लगेच ‘झुडपात अडकलेला मेंढा’ म्हटलं, म्हणजे अब्राहाम मुलाचा बळी द्यायला जातो तेव्हा ऐनवेळी झुडपात सापडतो तो. मूर्ती अब्राहामच्या कुठल्याही हिशोबाच्या शेकडो वर्षं आधीची आणि प्राणी बोकड, पण नाव चिकटलं ते चिकटलं, आजही म्युझियममध्ये त्याच नावानं ओळखतात. ही सवय पुढे परत दिसणार आहे.

(जाता जाता, याच कबरींतले लाल अकीकाचे लांबट मणी आपल्या सिंधू संस्कृतीकडून गेलेले आहेत, आणि ऊरमध्ये सिंधू धाटणीच्या मुद्राही सापडल्यात. आणि ज्याच्या खराब तांब्याबद्दल गिऱ्हाइकानं मातीच्या पाटीवर तक्रार लिहिली आणि आता इंटरनेटवर ज्याचे मीम फिरतात, तो व्यापारी एआ-नासिरही इथलाच, वूलीनंच त्याचं घर खणलं.)

तर कबरींचं काम उरकत आल्यावर वूलीला बघायचं होतं की या दफनभूमीच्या खाली काय आहे, आणि त्यासाठी मारलेला तो पाच फुटी खड्डा. एवढ्याशा भोकावर जलप्रलयाचा दावा करता येत नाही हे त्यालाही कळत होतं. म्हणून १९२९-३० मध्ये त्यानं मोठा खड्डा घेतला, पिट एफ, वरून ७५ बाय ६० फूट, आणि खाली जवळपास ६४ फुटांपर्यंत गेला. सहा मजली बिल्डिंग उलटी जमिनीत घातली तर जेवढी जाईल तेवढं.

या खड्ड्याचं वर्णन वाचताना मला कायम हेवा वाटतो. वरच्या वीसेक फुटांत घरांवर घरं, एक पडलं की त्यावर दुसरं, असे आठ थर. त्याखाली कुंभारवाडा, म्हणजे नुसत्या फुटक्या, वाकड्या भाजलेल्या भांड्यांचा अठरा फूट जाडीचा ढीग आणि त्यात भट्ट्या, किती पिढ्या भांडी करत असतील विचार करा, आणि त्यातच एक जड मातीची चकती मिळाली, कुंभाराच्या चाकाची. त्याच्याखाली कबरी. आणि त्या कबरी ज्यात खणल्या होत्या तो म्हणजे गाळ, स्वच्छ, एकसारखा, जास्तीत जास्त ११ फूट. गाळाखाली परत माणसं, बोरूच्या झोपड्यांच्या भिंतींना लिंपलेल्या मातीचे तुकडे, रंगीत भांडी, आणि मग सगळ्यात खाली मुळांचे डाग पडलेली हिरवट चिकणमाती, दलदलीचा तळ. ही खरी मूळ जमीन. मजूर चुकला होता आणि वूलीचं लेव्हलचं गणित बरोबर होतं.

गाळ मायक्रोस्कोपखाली तपासून घेतला, तो पाण्यानं आणलेला निघाला, संथ प्रवाहात बसलेला, युफ्रेटिसच्या मधल्या पट्ट्यातल्या मातीचा. वूलीनं हिशोब मांडला की ११ फूट गाळ बसायला पाणी किमान २५ फूट तरी असणार आणि एवढ्या सपाट प्रदेशात २५ फूट पाणी म्हणजे शेकडो मैल. तो अख्ख्या जगाच्या प्रलयाबद्दल बोलतच नव्हता, हे त्याला शिव्या घालणारे विसरतात. त्याचं म्हणणं होतं की दोन नद्यांच्या खोऱ्यात मोठा पूर आला, सखल भागातली गावं बुडाली, आणि तिथल्या माणसांसाठी ते खोरं म्हणजेच सगळं जग होतं.

इथपर्यंत बरंचसं ठीक आहे. पण एवढ्यावर पेपर विकत नाहीत.

त्या काळातल्या वाचकाच्या डोक्यात आधीपासून काय भरलेलं होतं तेही बघायला पाहिजे. १८७२ च्या ३ डिसेंबरला लंडनमध्ये जॉर्ज स्मिथ नावाच्या माणसानं, जो मुळात नोटांचे ठसे कोरायचं काम शिकलेला होता, जुन्या अश्शूरी राजधानीतून, निनवेहून आलेली एक मातीची पाटी वाचून दाखवली होती आणि समोर पंतप्रधान ग्लॅडस्टन बसले होते. पाटीवर गिल्गमेशच्या काव्यातली पुराची गोष्ट होती, देव एका माणसाला गुपचूप सांगतो की घर मोड आणि नाव बांध, मग पाऊस, मग नाव डोंगरावर टेकते, मग तो कबुतर सोडतो, पाकोळी सोडतो, कावळा सोडतो. नोहाच्या तारवाची गोष्ट जशीच्या तशी, आणि बायबलहून जुनी. आपल्याला मनू आणि माशाची गोष्ट माहीत असते म्हणून फार धक्का बसत नाही, पण व्हिक्टोरियन लंडनला जबरदस्त बसला. त्यात १९२३ मध्ये सुमेरी राजांची एक यादी छापली गेली, तिच्यात आधी एरिदूपासून शुरुप्पकपर्यंत पाच गावांतले आठ राजे आहेत, एकूण राज्यकाळ २,४१,२०० वर्षं, मग एक ओळ येते की पुरानं सगळं धुऊन नेलं, आणि मग राजेपद परत स्वर्गातून उतरतं ते किश गावात. म्हणजे सुमेरी लोकच त्यांच्या इतिहासाचे दोन भाग करत होते, पुराआधी आणि पुरानंतर. मग वूलीसारख्या माणसाला गाळ लागल्यावर तो ही यादी आठवणार नाही तर काय करणार.

मग १९२९ मध्ये गंमत झाली. वूलीची बातमी आली आणि त्याच सुमाराला किशमध्ये खणणाऱ्या ऑक्सफर्ड आणि शिकागोच्या टीमकडून स्टीफन लँग्डननं जाहीर केलं की आम्हालाही पूर सापडलाय. वाचणाऱ्याला वाटणार, वा, दोन ठिकाणी सापडला म्हणजे पक्कंच झालं. ऊर आणि किशमध्ये सव्वादोनशे किलोमीटर अंतर, एवढा मोठा पूर.

पण दोन ठिकाणचा गाळ एकाच पुराचा आहे हे ठरवायचं कसं? गाळावर तारीख लिहिलेली नसते, तारीख असते गाळाच्या वर आणि खाली सापडणाऱ्या भांड्यांत. ऊरच्या गाळाखाली उबैद भांडी (उबैद म्हणजे सुमेरी शहरांच्या आधीची दक्षिण इराकमधली संस्कृती), फिकट हिरवट-पिवळ्या मातीवर काळपट नक्षी, आणि गाळात खणलेल्या कबरींमध्येही उबैदच भांडी. म्हणजे हा पूर उबैद काळाच्या पोटातला, इ.स.पू. ४५०० च्याही आधीचा. किशचे थर मात्र इ.स.पू. २९०० च्या आसपासचे, आणि तिथे एक नाही, अनेक. मध्ये दीड हजार वर्षांहून जास्त फरक. हे म्हणजे सातवाहनांच्या काळातला पूर आणि पेशवाईतला पूर एकच समजण्यासारखं झालं. दोघांनाही पूर सापडला होता यात शंका नाही, एकच पूर मात्र नव्हता.

पुढे १९३१ मध्ये एरिक श्मिटनं शुरुप्पक खणलं, हे गाव महत्त्वाचं कारण गोष्टीतला नाववाला उत्नपिश्तिम इथलाच. तिथेही पुराचा थर मिळाला, काळ साधारण किशच्या जवळ जाणारा, ऊरच्या मात्र अजिबात जवळ नाही. आणि मग शेवटचा खिळा, एरिदू. ऊरपासून वीसेक किलोमीटरवर, सपाट मैदानात, १९४६ ते १९४९ मध्ये इराकच्या फुआद सफर यांनी सेटन लॉइडसोबत ते खणलं. उबैद काळापासून एकावर एक बांधलेली देवळं, सलग क्रम, खाली अगदी मूळ वाळूपर्यंत. पुराचा थर नाहीच. जो पूर शेकडो मैल पसरला तो शेजारच्या गावाला शिवला नाही, हे कसं मान्य करणार? खुद्द ऊरमध्येही सगळ्या खोल खड्ड्यांत गाळ मिळाला नव्हता. वूलीनं त्यावर म्हटलं होतं की टेकाडाच्या उतारावर पाण्याचा जोर अडला म्हणून तिथे गाळ साचला, ते एका गावापुरतं चालून जातं, पण खोरंभर पुराच्या दाव्याला पुरत नाही.

तसं बघितलं तर त्या भागात पूर ही रोजचीच कटकट. युफ्रेटिस आणि तैग्रिस यांना वरच्या डोंगरातला बर्फ वितळला की वसंतात पाणी येतं, नेमकं पीक उभं असताना, आणि सपाट गाळाच्या मैदानात नदी पात्र सोडून कुठेही घुसते. शेकडो वर्षांत अशा किती पुरांनी गावं गेली असतील. त्या आठवणींतून एखादी मोठी गोष्ट तयार झाली असेल, अगदी शक्य आहे. वूलीचाच जुना असिस्टंट मॅक्स मॅलोवन (अगाथा ख्रिस्तीचा नवरा, दोघांची ओळख ऊरमध्येच झाली) यानं १९६४ मध्ये सगळा पुरावा परत तपासला, आणि गोष्टीमागे खरा पूर शोधायचाच असेल तर त्याचा कल शुरुप्पक-किशच्या बाजूच्या इ.स.पू. २९०० च्या पुराकडे गेला. म्हणजे गुरूचा गाळ चेल्यानंच बाजूला ठेवला.

मला यात सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं ते हे की विरोधी पुरावा वूलीच्या हातातच होता. गाळाच्या खाली उबैद, गाळाच्या वर उबैद. पुरानं सगळं संपवलं असतं तर वर वेगळे लोक, वेगळी भांडी दिसली असती. पण तेच लोक परत आले किंवा गेलेच नव्हते, त्यांनी तीच भांडी केली. वूलीनं हे स्वतः लिहिलंय, लपवलेलं नाही. फक्त त्याच्या लिखाणात वजन पडलं ते गाळावर, आणि वाचकाच्या कानावर पडलं ते नोहा. पैसे देणारी म्युझियमं, खर्चाची दरवर्षीची काळजी, बायबलवर पोसलेला वाचक, आणि लिहायला कमालीचा रसाळ असलेला पाद्र्याचा मुलगा, हे सगळं एकत्र आल्यावर त्या ‘तो’ला कोण अडवणार होतं? मी त्याच्या जागी असतो तर मीही घसरलो असतो, बहुतेक त्याच्याहून लवकर.

या प्रकरणाला एक शेपूट आहे. वस्तूंची वाटणी तेव्हा ठरलेली होती, अर्ध्या इराकमध्ये राहायच्या, उरलेल्या लंडन आणि फिलाडेल्फियात (पेनसिल्वेनिया विद्यापीठाचं म्युझियम तिथलंच) वाटायच्या. काही वर्षांपूर्वी जुनी कागदपत्रं स्कॅन करून ऑनलाइन टाकायचं काम चालू असताना १९२९-३० च्या सीझनची यादी निघाली, त्यात फिलाडेल्फियाच्या वाट्याला आलेल्या गोष्टींत दोन सांगाडे आणि एक ट्रे ‘पुराचा चिखल’ अशी नोंद होती. सांगाडे शोधायला गेले तर एक जण म्युझियमच्याच स्टोरेजमध्ये लाकडी पेटीत पडून होता, ८५ वर्षं, ना नंबर ना कार्ड. २०१४ मध्ये म्युझियमनं जाहीर केलं. पिट एफमधल्या गाळात खणलेल्या ४८ कबरींपैकी एवढा एकच उचलण्याच्या अवस्थेत होता, म्हणून वूलीनं त्याला मेण लावून मातीसकट उचलला होता. पन्नाशी ओलांडलेला पुरुष, चांगला उंच. म्युझियमवाल्यांनी त्याचं टोपणनाव ठेवलं, अर्थातच, नोहा.

साडेसहा हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस, म्हणजे आर्चबिशप अशरनं बायबलवरून जग निर्माण झाल्याचं जे साल काढलं होतं, इ.स.पू. ४००४, त्याच्याही पाचशे वर्षं आधीचा. पूर त्यानं पाहिला नसणार, तो पुरला गेला तेव्हा गाळ कधीचा वाळून घट्ट झाला होता, त्यात खड्डा खणता येत होता. त्याला उताणा झोपवलाय, हात पोटावर जुळवलेत, आणि पायाशी भांडी ठेवलीत, तीच रंगीत उबैद भांडी.